टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू आहे, आखाडाला बसलो तर चालेल का?

दिवाणजी_सांगली
सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. विचारायला संकोच वाटतोय, पण समोरासमोर विचारायला त्याहून जास्त वाटतो, म्हणून इथं.

वय ४६, सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी. काही वर्षांपूर्वी डोकं सारखं ठणकायला लागलं आणि बाजूनं येणारं दिसेना झालं. समोरचं सगळं लख्ख, पण दोन्हीकडच्या कडा गायब. यार्डात हमालाचा हातगाडा उजवीकडनं येऊन स्कूटरला लागला तेव्हा मी त्या गरिबालाच नाही नाही ते बोललो. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दाखवायला गेलो, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेट एमआरआयला पाठवलं. पिट्युटरी ग्रंथीवर गाठ. (मेंदूच्या खाली असते, बाकीच्या ग्रंथींना हुकूम सोडते.) २०२१ ला नाकातनं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, नजर बरीचशी परत आली.

पण एक गोष्ट त्याच्याही आधीपासनं चालू होती, जी मी कुणाला बोललो नव्हतो. दाढी. रोज सकाळी दाढी केल्याशिवाय गादीवर न बसणारा माणूस मी. आठवड्यातनं एकदा केली तरी भागायला लागलं. दुपारी तीनला खतावणीवर डोकं टेकून झोप. बायकोच्या बाबतीत तर काही विचारूच नका, इच्छाच मेलेली. चाळिशी आली, असंच असतं, असं समजून गप्प बसलो होतो. ऑपरेशननंतर तपासलं तर टेस्टोस्टेरॉन ४८ निघालं. ३०० च्या खाली गेलं की कमी धरतात म्हणे.

तेव्हापासनं दर बारा आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. ४ मिली तेलकट औषध, कुल्ह्यात खोल, आणि सिस्टर घड्याळाकडं बघत दोन मिनिटं हळूहळू सोडतात. त्यातलं तेल एरंडेलाचं असतं. एरंडेल तोंडानं घेतलं तर काय होतं ते लहानपणापासून माहीत आहे. कुल्ह्यातनं घेतलं तर दाढी येते, हे ज्यानं शोधलं त्याला दंडवत. तीन-चार महिन्यांत मी पुन्हा माणसात आलो.

आता मुद्दा. येत्या रविवारी बापूच्या मळ्यात आखाड आहे. (मुंबईकडं एक दिवस गटारी करतात, आमच्याकडं अख्खा महिना त्या कामाला लावतात.) ऑपरेशनपासनं मी एक थेंब घेतलेला नाही. दरवर्षी थम्सअप घेऊन बसतो आणि सगळ्यांना घरी सोडायचं काम माझ्याकडं. यंदा वाटतंय, बसावं. डॉक्टरांना मागच्या खेपेला विचारलं, थोडी घेतली तर चालेल का. म्हणाले, थोडी चालेल. खाली येऊन स्कूटरला किक मारताना लक्षात आलं की थोडी म्हणजे किती हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या कंपनीत क्वार्टरला थोडी म्हणतात.

इंजेक्शन होऊन दहा दिवस झालेत. जुलाबाच्या त्या मेट्रोनिडाझोलवर दारू घेतली की उलट्या होतात म्हणतात, तसं याचं काही होतं का? आणि एवढं महागाचं इंजेक्शन, त्याचा असर दारूनं उतरतो का? ज्यांनी हे दोन्ही केलंय त्यांनी सांगावं.

---

डंबेल_९०
सोमवार, रात्री ११:२०

काय घाबरता राव! मी सहा महिने टेस्ट म्हणजे टेस्टोस्टेरॉन घेतोय, आठवड्याला ५०० मिलिग्रॅम, आणि शनिवारी दोन स्ट्राँग बिअर फिक्स. घंटा काही होत नाही. उलट हँगओव्हर कमी येतो. पाणी भरपूर प्या, सकाळी लिव्हरची गोळी टाका. एन्जॉय!

---

कल्याण_स्लो
मंगळवार, सकाळी ७:१५

डंबेल, तू जे करतोस त्याला रिप्लेसमेंट म्हणत नाहीत. दिवाणजींना बारा आठवड्यांत १००० मिळतं, म्हणजे आठवड्याला ८० च्या आसपास. तू त्याच्या सहापट टोचतोयस. त्यांच्याकडे जे नाही ते भरून काढतायत, तुझ्याकडे जे होतं ते तू बंद पाडतोयस. बाहेरून आलं की मेंदू अंडकोशाला सांगतो, तू झोप; आणि मग शुक्राणू बनणंही थांबतं. लग्न व्हायचं असेल तर एकदा वीर्य तपासून घे, इतकंच सांगतो.

दिवाणजी, मी डोंबिवलीचा, वय ५२, आणि हे दोन्ही मी एकाच वेळी केलंय, तेही भरपूर. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो, मग माझं गाऱ्हाणं.

रिअ‍ॅक्शन होत नाही. मेट्रोनिडाझोलसारखं लगेच उलट्या, घाम, धडधड असलं काही टेस्टोस्टेरॉनबरोबर नाही. असरही दारूने धुऊन जात नाही. जे औषध कुल्ह्याच्या स्नायूत साठलंय ते रोज थोडं थोडं रक्तात उतरत राहतं, तुम्ही थम्सअप प्या नाहीतर आणखी काही. धडधाकट माणसाने रोज ढोसली तर त्याचं टेस्टोस्टेरॉन पडतं, कारण दारू अंडकोशातल्या पेशींना त्रास देते आणि वरून मेंदूचा हुकूमही मंदावते. तुमच्याकडे हुकूम देणारं ऑफिसच गाठीने बंद केलंय, त्यामुळे ती वाट तुम्हाला लागू नाही.

मला मात्र तीच लागू होती, आणि मला कुणी ती सांगितली तेव्हा मी ऐकलं नाही.

तेव्हा माझं वजन १०४, रोज संध्याकाळी डोंबिवलीला उतरलं की क्वार्टर. टेस्टोस्टेरॉन २१२. पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, इंजेक्शन देणार नाही, तीन महिने दारू बंद करा, आठ-दहा किलो उतरवा, मग सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासू. मला राग आला. पैसे देतोय आणि हा माणूस प्रवचन देतोय. मग दुसरीकडे गेलो. तिथे एका रिपोर्टवर, दारूचा द न विचारता, तीन-तीन आठवड्यांनी टोचायचं २५० चं इंजेक्शन सुरू झालं. रक्ततपासणी कधी करायची हे कुणी बोललं नाही.

पहिले दोन महिने राजासारखे गेले. चौथ्या महिन्यात छातीत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ, बनियन घासली तरी कळ यायची. चरबी जास्त असली की त्यातून टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि दारू त्याला हातभार लावते, हे तेव्हा कळलं. आठव्या महिन्यात ऑफिसात चेहरा लालबुंद, डोकं जड, बीपी १६०/१००. घरच्या डॉक्टरांनी साधं सीबीसी केलं, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी. हिमोग्लोबिन १८.६, हेमॅटोक्रिट ५५.८.

हेमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती. टेस्टोस्टेरॉनने तो वाढतोच. ५४ च्या वर गेला की औषध थांबवतात, कारण रक्त दाट झालं की गुठळीची भीती. आता याच्यात दारू कुठे येते? मला वाटलं नव्हतं येत असेल. येते ती झोपेतून. दारू पिऊन झोपलं की घसा सैल पडतो, घोरणं वाढतं, मधेमधे श्वास थांबतो. बायको म्हणायची, तुम्ही थांबता आणि मी मोजत बसते, एकदा वीसपर्यंत मोजलं. रात्रभर प्राणवायू असा खाली-वर झाला की शरीर आणखी तांबड्या पेशी बनवतं. म्हणजे एकीकडून इंजेक्शन पेशी वाढवतंय आणि दुसरीकडून क्वार्टर. शेवटी ३५० मिलीची पिशवी रक्त काढलं तेव्हा डोकं हलकं झालं.

मग शेपूट घालून पहिल्या डॉक्टरांकडे परत. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. श्रावणात दारू सोडली. (रोज पिणाऱ्याने माझ्यासारखं एकदम सोडू नये. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरले की चहा बशीत सांडला. मग डॉक्टरांनी आठवडाभर गोळ्या दिल्या. काहींना फिट येते, तेव्हा विचारून सोडा.) इंजेक्शनही बंद केलं. पुढचे पाच-सहा महिने वाईट गेले, कारण स्वतःचा कारखाना पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. वजन ९१ वर आलं आणि टेस्टोस्टेरॉन कुठलंही औषध न घेता ३४०. माझा आजार क्वार्टर हाच होता.

तुमचा तो नाही, म्हणून तुम्हाला 'सोडा' असं सांगायला मी आलेलो नाही. पण दोन कामं करा. शेवटच्या सीबीसीत हेमॅटोक्रिट किती आहे ते बघा. आणि 'थोडी' मोजा. मी डॉक्टरांना नेहमी 'दोन पेग' सांगायचो. एकदा घरात खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं, ते १५ मिलीचं असतं. माझ्या हाताने ओतलेला एक पेग ८५ मिली भरला. ३० मिलीच्या छोट्या पेगात १० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे माझे 'दोन' डॉक्टरांच्या हिशोबाने साडेपाच-सहा होते. क्वार्टर म्हणजे तसे सहा. आणि डंबेलची ६५० ची स्ट्राँग बाटली म्हणजे चार, दोन बाटल्या म्हणजे आठ.

अजून एक. २०२३ साली ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला, पाच हजारांवर पुरुष, सगळे हृदयरोग असलेले किंवा त्याचा धोका असलेले. टेस्टोस्टेरॉनच्या जेलने हार्ट अटॅक, पक्षाघात वाढले नाहीत असं निघालं. पण हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, थोडा जास्त दिसला. सुट्टीच्या दिवशी भरपूर पिऊन लोक हाच त्रास घेऊन येतात. ज्याला आधीपासून धडधड आहे त्याने हे लक्षात ठेवावं. ७:४८ ची लोकल आहे, पळतो.

---

म्हापसेकर
मंगळवार, दुपारी १:३०

कल्याणवाल्यांनी सगळं सांगितलं, मी फक्त करमणूक करतो.

मी इंजेक्शनवाला नव्हे, जेलवाला. रोज सकाळी आंघोळ झाली की एक पुडी दोन्ही खांद्यांना चोळायची, सुकेपर्यंत उघडं बसायचं, हात साबणाने धुवायचे, आणि मुलाला कडेवर घ्यायचं ते शर्ट घातल्यावरच. कारण अंगाला अंग लागून औषध बायकोमुलांना लागू शकतं. आता हे जेल स्पिरिटमध्ये बनवलेलं. सुरुवातीचे दोन आठवडे सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांना रोज सकाळी आठला माझ्या खोलीतून वास यायचा. एके दिवशी मुलीला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "जावई सकाळीच सुरू करतात की काय गो?" बायकोने पुडी नेऊन हुंगायला दिली. सासूबाईंचा अजून पूर्ण विश्वास नाही.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ताजा उर्राक (काजूची दारू) असतो. लिमका, मीठ, चिरलेली मिरची. मी एक ग्लास घेतो, जेवणाबरोबर. दुसरा घेतला त्या रात्री बायको हॉलमध्ये झोपायला जाते, घोरण्यामुळे. माझं मोजमाप तेच.

---

अर्धी_भाकरी
मंगळवार, रात्री ९:०५

दिवाणजी दादा, तुम्ही फक्त टेस्टोस्टेरॉनचं लिहिलंय. पिट्युटरीचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं सहसा एकट्या टेस्टोस्टेरॉनवर भागत नाही. सकाळी हायड्रोकॉर्टिसोन घेता का? आणि रात्री लघवी आवरायची गोळी किंवा नाकात मारायचा स्प्रे आहे का?

मी अठरा वर्षं मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. याचं उत्तर आल्याशिवाय कुणी त्यांना हो म्हणू नका.

---

दिवाणजी_सांगली
मंगळवार, रात्री १०:१०

घेतो की ताई. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५. थायरॉइडची पण आहे, ७५ ची. स्प्रे पहिले तीन महिने होता, मग बंद केला. ती गोळी म्हणजे स्टिरॉइडची, ती रोजचीच झालीय, म्हणून लिहिली नाही. तिचा दारूशी काय संबंध?

कल्याणकर, हेमॅटोक्रिट काढून बघितलं, ५१. आणि मी घोरतो का असं बायकोला विचारलं. ती नुसती हसली.

---

अर्धी_भाकरी
मंगळवार, रात्री ११:००

दादा, तुमच्या प्रश्नात टेस्टोस्टेरॉन हा सगळ्यात बिनधोक भाग आहे. इंजेक्शन दोन आठवडे उशिरा घेतलंत तर दाढी हळू येईल, बाकी काही नाही. पण ती दहा आणि पाचची गोळी चुकली तर जीवावर बेततं.

तुमची पिट्युटरी किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला जागं करत नाही. बाकीच्यांच्या अंगात ताप आला, उलटी झाली, अपघात झाला की कॉर्टिसोल हे हार्मोन आपोआप वाढतं. तुमचं वाढत नाही. जेवढं गोळीतनं गेलं तेवढंच. म्हणून तापात डोस दुप्पट करायला सांगितलं असेल तुम्हाला. आता रविवारी मळ्यात दारू, वर तिखट रस्सा, आणि रात्री अकराला उलटी झाली. एक उलटी झाली म्हणून कोण लक्ष देतं? दुसरी, तिसरी. सकाळची गोळी घेतली तीही बाहेर. इथून बीपी खाली जायला वेळ लागत नाही.

दुसरं साखरेचं. लिव्हर दारू जाळण्यात गुंतलं की नवी साखर बनवायचं काम मागं टाकतं. ते काम रेटणारं एक हार्मोन कॉर्टिसोल, आणि ते तुमच्याकडं मोजकंच. पोट रिकामं असेल तर साखर धाडकन पडते. आणि साखर पडलेला माणूस कसा दिसतो माहीत आहे? जीभ जड, चाल वाकडी, घाम, बडबड, मग गाढ झोप. म्हणजे जसा दारू प्यालेला दिसतो अगदी तसा.

आमच्या वॉर्डला एकदा पहाटे तीनला वरातीतनं एकाला आणलं. तोंडाला वास. सोबतची पोरं म्हणत होती, सिस्टर याला जास्त झालीय, सलाईन लावा, सकाळपर्यंत उतरेल. साखर ३८, बीपी ७० वर. मेव्हणा मागनं धावत आला आणि म्हणाला, "दाजी रोज सकाळी कसलीतरी पांढरी गोळी घेतात, कधीच चुकवत नाहीत." तेवढ्या वाक्यावर डॉक्टरांनी ओळखलं. हायड्रोकॉर्टिसोन १०० शिरेतनं, ग्लुकोज, सलाईन. सात वाजता तो माणूस उठून बसला आणि त्यानं चहा मागितला. त्याला दोन तास बाहेर गाडीत झोपवून ठेवलं होतं, 'उतरू दे' म्हणून. मेव्हणा आला नसता तर काय, ते मी सांगत नाही.

म्हणून सांगते, तुमचा धोका ग्लासात कमी आणि आजूबाजूच्या मंडळींच्या समजुतीत जास्त आहे. उद्या डॉक्टरांना फोन करा आणि 'थोडी' म्हणू नका, आकडा सांगा. घरी १०० चं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन ठेवायला सांगितलंय का, ते विचारा. स्टिरॉइड घेतो असं लिहिलेलं कार्ड पाकिटात आहे का? स्प्रे बंद झालाय हे बरं झालं, तो चालू असता तर बिअरचं एवढं पाणी पोटात घेणंही महागात पडलं असतं, रक्तातलं सोडियम उतरतं.

आणि डंबेल, सकाळी लिव्हरची गोळी टाकून काही धुतलं जात नाही. हेमॅटोक्रिट करून घे.

---

डंबेल_९०
बुधवार, सकाळी ९:४०

ताई, ते हेमॅटोक्रिट कुठल्या टेस्टमध्ये येतं? महाग असतं का?

---

अर्धी_भाकरी
बुधवार, सकाळी १०:०२

साध्या सीबीसीत. एवढ्या बाटल्या घेतोस, एका बाटलीच्या आसपासच्या पैशात होतं. बीपी पण बघ. आणि हे सगळं एखाद्या खऱ्या डॉक्टरला दाखव, जिमच्या सरांना नव्हे. ते इंजेक्शन एकदम थांबवलंस तर मन खचतं, म्हणून थांबवायचं तेही विचारूनच.

---

कल्याण_स्लो
बुधवार, रात्री ८:३०

ताई, वरातीचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. मी एवढा मोठा निबंध लिहिला आणि दिवाणजींना 'बाकी कुठली औषधं घेता' हे विचारायचं मला सुचलंच नाही. ज्याचं त्याला पडलेलं असतं म्हणतात ते हेच, मला माझं दाट रक्त पडलेलं.

---

दिवाणजी_सांगली
पुढचा मंगळवार, रात्री ९:३०

मंडळी, जिवंत आहे.

बुधवारी डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, तुम्ही थोडी चालेल म्हणाला होता, ती थोडी म्हणजे किती? त्यांनी उलट विचारलं, तुम्ही किती धरली होती? म्हटलं, क्वार्टर. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मी तीस मिली धरली होती." पाच वर्षांत माझं आणि त्यांचं एवढं मोकळं बोलणं पहिल्यांदाच झालं. शेवटी असं ठरलं: आधी पोटभर जेवण, दुपारची गोळी वेळेवर, मग ३० चा एक, फार तर दोन, आणि मधे तासाचं अंतर. उलटी झाली तर घरी थांबायचं नाही, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा. रात्री झोपताना कुणीतरी शेजारी पाहिजे, आणि सकाळी उठलोय का ते बघायला पण.

इंजेक्शन घरी होतं. म्हणजे २०२१ ला दिलेलं होतं, फ्रिजच्या दारात, मसाल्याच्या पाकिटांमागं. तारीख बघितली तर दीड वर्षापूर्वीच बाद. नवीन आणलं. कार्ड सापडलं नाही, नवीन लिहून घेतलं.

रविवारी मळ्यात सात जण. बापूनं सवयीनं स्टीलच्या पेल्यात ओतायला घेतली, मी खिशातनं झाकण काढलं. खोकल्याच्या औषधाचं. दोन झाकणं म्हणजे ३०. सगळे अर्धा तास हसले. एक जण म्हणाला, दिवाणजी दारूची पण खतावणी घालतोय. पण मग प्रत्येकानं आपापला पेला झाकणानं मोजून बघितला, आणि बापूचा सहा झाकणांवर गेल्यावर बायकांच्या कानावर घालायचं नाही असा ठराव झाला. मी दोनदा ३० घेतली, पांढऱ्या रश्श्यानंतर. खरं सांगायचं तर पाच वर्षांनी चव आठवणीएवढी काही नव्हती. मटण मात्र उत्तम झालं होतं.

ताई, तुमचं ऐकून इंजेक्शनची पिशवी बरोबर नेली होती आणि बसायच्या आधीच सगळ्यांना सांगितलं, की मी बरळायला लागलो किंवा झोपलो तर चढली समजू नका, आधी हे मांडीत टोचा आणि गाडी काढा. टोचायचं काम बापूकडं दिलं, मळा त्याचा म्हणून. त्यानं पिशवी उघडली, सुई बघितली, आणि बांधावर जाऊन खाली बसला. घाम फुटला होता गड्याला. शेवटी त्याच्या बायकोला बोलावून शिकवलं. ती गाईम्हशींना टोचते, म्हणाली, "त्यात काय एवढं, भावजी तर उभे पण राहतील नीट."